पूर, रस्ता आणि बाजार

पूर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र येते. गढूळ पाणी, बुडालेली घरे, छपरावर बसलेली माणसे, वाहून चाललेले एखादे जनावर. पुणे शहरातील जुनी माणसे १२ जुलै १९६१ चा दिवस अजून विसरलेली नाहीत. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरण गेले, आणि मुठेचे पाणी पेठांतून शिरले. त्या पुराच्या गोष्टी ऐकताना ऐकणारा पहिल्यांदा हेच विचारतो, की पाणी कुठपर्यंत आले होते? भिंतीवरची खूण दाखवून सांगणाराही सांगतो, "इथपर्यंत."

पण पुराचे नुकसान खरोखर भिंतीवरच्या त्या खुणेपाशी थांबते का? आज मला आपल्यापुढे हाच प्रश्न ठेवायचा आहे. तो मला पुस्तकात सापडला नाही, पिंपरी पेंढारमध्ये सापडला.

पिंपरी पेंढार हे जुन्नर तालुक्यातले, कल्याण-नगर रस्त्यावरचे गाव. एका बाजूला ओतूर, दुसऱ्या बाजूला आळेफाटा. कृष्णाकाठच्या गावांना जसे दर काही वर्षांनी पुराचे भय असते, तसे ते येथे नाही. काही वर्षांपूर्वी श्रावणात तेथील एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे मी बसलो होतो. बाहेर बारीक पाऊस होता. बोलता बोलता त्यांनी खिशातून आडत्याची पट्टी काढली आणि माझ्यापुढे धरली. म्हणाले, "सर, माझ्या रानात पानी साचलं नाय, पीक झोपलं नाय. पन ही पट्टी बघा. ह्याला काय म्हनायचं?"

पट्टीवर टोमॅटोची विक्री, त्यातून वजा केलेली हमाली, तोलाई आणि भाडे, आणि शेवटी हातात पडलेली रक्कम. ती इतकी थोडी होती, की मी पुन्हा एकदा वाचून पाहिली. झाले होते असे, की माल गाडीत भरून निघाला, माळशेज घाटात दरड आली, गाडी अडकली. घाट मोकळा झाला तेव्हा माल अर्धा मऊ पडला होता आणि बाजारही पडला होता. शेत कोरडे, पीक उभे, आणि तरीही तो शेतकरी पुरातच बुडाला होता.

हे कसे घडते ते नीट समजावून घेण्यासारखे आहे.

आपल्या भागातील तरकारी मुंबईला जाते ती मुख्यतः दोन वाटांनी. एक वाट ओतूरवरून माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण आणि तेथून वाशीच्या बाजारात. दुसरी आळेफाट्याहून नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण, तळेगाव अशी, आणि मग बोरघाट उतरून पनवेल. पहिली वाट जवळची. पण तिची दुखणी दोन आहेत. घाटात दरडी कोसळतात, कधी काही तासांत रस्ता मोकळा होतो, कधी त्याला दिवस लागतात. घाट सुखरूप उतरलो तरी खाली उल्हास नदी आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच पावसात उल्हासच्या पुराने बदलापूर आणि कल्याणची काय दैना केली, ते मात्र कमी लोकांच्या लक्षात राहिले. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि प्रवाशांना होड्यांतून काढावे लागले, तीही उल्हासचीच करणी. आणि जुलै २०२१ मध्ये कल्याण-मुरबाड रस्त्यावरचा रायते पूल पुराने बंद पडला, तेव्हा आपला हा रस्ता पुन्हा तुटला.

म्हणजे पिंपरी पेंढारच्या टोमॅटोचा भाव केवळ पिंपरी पेंढारच्या पावसावर ठरत नाही. तो रायते पुलाखालून किती पाणी वाहते यावरही ठरतो.

आता हिशेब करून पाहू. आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत, कोणा एकाचे नव्हेत. समजा, शंभर क्रेट माल आहे आणि क्रेटला ३०० रुपये भाव आहे. झाले ३०,००० रुपये. तोडणी, भाडे, हमाली, आडत मिळून ६,००० गेले. उरले २४,०००. आता तोच माल तीन दिवस रस्त्यात राहिला. तीस क्रेट नासले, सत्तर राहिले. भाव क्रेटला १५० मिळाला. झाले १०,५००. खर्च तोच, शिवाय गाडी उभी राहिल्याचे दोन हजार. म्हणजे ८,००० गेले. उरले २,५००. तीन दिवसांच्या खोळंब्याने चोवीस हजारांचे अडीच हजार झाले. बियाणे, खत, औषध, तार-बांबू यांचा खर्च तर मी अजून धरलेलाच नाही.

कोणी विचारील, माल कमी पोचला तर भाव वाढायला हवा, तो निम्मा का झाला? येथेच खरी गोम आहे. ज्या तीन दिवसांत घाट बंद होता, त्या दिवसांत मुंबईत भाव खरोखरच चढला. गिरगावातील किंवा ठाण्यातील गृहिणीने टोमॅटो महाग घेतला. पण तो भाव मिळाला, ज्यांचा माल दुसऱ्या वाटेने आधीच पोचला होता त्यांना. घाट उघडला त्या रात्री अडकलेल्या साऱ्या गाड्या एकदम बाजारात उतरल्या. तीन दिवसांची आवक एका रात्रीत, तीही अशी की आणखी एक दिवस ठेवता येणार नाही. आडत्याला हे दिसत असते, घेणाऱ्यालाही दिसते. मग भाव पडतो. खाणाऱ्याला महाग आणि पिकवणाऱ्याला स्वस्त, ही करामत एकाच आठवड्यात एकच बंद रस्ता करून दाखवतो. व्यापाऱ्याला यात शिव्या देण्याची आपल्याकडे रीत आहे. काही व्यापारी त्या शिव्यांना पात्रही असतात, पण या प्रसंगी दोष बहुधा त्यांचा नसतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर सर्व महाराष्ट्राने पाहिली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वर्षी पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. कोल्हापूरजवळ शिरोली येथे पंचगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि हा रस्ता सुमारे आठवडाभर बंद राहिला. हजारो मालमोटारी दोन्ही बाजूंना रांगेत उभ्या. त्या रस्त्याने काय काय जात होते ते मनात आणा. कोल्हापूर भागातून मुंबई-पुण्याकडे रोज लाखो लिटर दूध जाते. ते थांबले. गाई-म्हशींना महामार्ग बंद असल्याचे कळत नाही, त्या सकाळ-संध्याकाळ दूध देतच राहतात. इकडे मुंबईत पिशवीच्या दुधाची टंचाई, तिकडे गोठ्यात दुधाचे करायचे काय ही विवंचना. कोल्हापुरात पेट्रोल मिळेना. गोव्याला बेळगाव-कोल्हापूरकडून दूध आणि भाजी जाते, तेथेही चणचण भासली. पणजीच्या बाजारातील बाईने पंचगंगा पाहिलेली नसेल, पण तिच्या टोपलीला त्या नदीने हात लावला होता.

कोल्हापूरला लोखंडाच्या ओतकामाचे कारखाने आहेत. तेथे ओतलेले भाग मोटारी आणि यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांकडे जातात. आपल्या चाकणला मोटारींचे कारखाने आहेत ते आपण येता-जाता पाहतो. या कारखान्यांची एक पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. पूर्वी कारखानदार महिना-दोन महिने पुरेल एवढा माल कोठारात ठेवीत. आता तसे करीत नाहीत. कोठाराला जागा लागते, पैसा अडकतो, माल गंजतो. म्हणून जो भाग दुपारी बसवायचा, तो सकाळी गाडीने यावा, अशी व्यवस्था असते. जपानच्या टोयोटा कंपनीने ही रीत घालून दिली आणि जगाने ती उचलली. तिच्यामुळे खर्च वाचतो यात शंका नाही. पण या रीतीत रस्ता हेच कोठार होऊन बसते. रस्ता बुडाला की कोठार बुडाले.

त्याचा सर्वांत मोठा धडा २०११ साली थायलंडमध्ये मिळाला. तो जरा विस्ताराने सांगतो, कारण पिंपरी पेंढारच्या त्या पट्टीशी त्याचे नाते आहे.

थायलंडमध्ये चाओ फ्राया नावाची नदी आहे. तिचे खोरे अगदी सपाट, म्हणजे पाणी एकदा पसरले की हलता हलत नाही. बँकॉकच्या उत्तरेला, अयुथया आणि पथुम थानी या भागांत, पूर्वी भातशेती होती. पुढे त्याच सखल जमिनीवर मोठमोठ्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. २०११ च्या पावसाळ्यात एकामागून एक वादळी पाऊस झाले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांतील सात वसाहती पाण्याखाली गेल्या. आठशेहून अधिक माणसे त्या पुरात दगावली. जागतिक बँकेने एकूण हानी सुमारे ४,५०० कोटी डॉलरांची धरली.

त्या वसाहतींत काय बनत होते? संगणकात माहिती साठवण्याचा जो भाग असतो, हार्ड डिस्क म्हणतात तो, त्यांतील जगाचा सुमारे ४० टक्के माल तेव्हा थायलंडमधून येई. कारखाने बुडाले आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव भडकले, काहींचे तर दुप्पट झाले. त्या सुमारास आपल्या एखाद्या शाळेने संगणक घेतला असेल, तर चाओ फ्रायाच्या पुराचा भार त्या शाळेने थोडाबहुत उचलला आहे. बिलावर तो लिहिलेला नसतो, एवढेच.

मोटारींचेही तसेच. होंडा कंपनीचा अयुथयाचा कारखाना पाण्यात गेला. भिजलेल्या हजाराहून अधिक नव्या मोटारी कंपनीने विकल्या नाहीत, मोडीत काढल्या. पण मला सांगायची गोष्ट टोयोटाची आहे. टोयोटाचे थायलंडमधील कारखाने कोरडे होते. तरीही ते बंद ठेवावे लागले, कारण सुटे भाग बनवणारे लहान कारखाने बुडाले होते. एवढ्यावर भागले नाही. जपान, अमेरिका, इंडोनेशिया येथील टोयोटाच्या कारखान्यांतही काम कमी करावे लागले, कारण थायलंडचे काही भाग तेथेही लागत. छत कोरडे, यंत्रे धडधाकट, कामगार हजर, आणि मोटार मात्र तयार होत नाही!

श्रोतेहो, पिंपरी पेंढारच्या त्या शेतकऱ्याचे आणि टोयोटाचे दुखणे एकच होते. दोघांच्या दारात पाणी आले नव्हते. दोघेही दुसरीकडच्या पाण्याने बुडाले.

पण येथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. मोठ्या कंपन्यांनी विमा उतरवलेला असतो. तो नुसता भिंतींचा आणि यंत्रांचा नव्हे, धंदा खोळंबल्याचाही. आपल्याला माल पुरवणारा बुडाला आणि त्यामुळे आपले काम थांबले, तर त्याचीही भरपाई मागता येईल, असे करार त्यांत असतात. थायलंडच्या पुराचे जे दावे जगभरच्या विमा कंपन्यांकडे आले, त्यांत अशा खोळंब्याच्या दाव्यांचा वाटा मोठा होता. लंडनच्या लॉइड्स या जुन्या विमाबाजाराने एकट्याने आपला बोजा सुमारे २२० कोटी डॉलरांचा सांगितला होता. म्हणजे ज्याच्या अंगणात पाणी आले नाही, त्याचे पुराने झालेले नुकसान मोजता येते, लिहिता येते आणि त्याचे पैसेही मिळतात, हे जगाला ठाऊक आहे. त्यासाठी हिशेबाची रीत आहे.

आपल्याकडे काय होते? आपल्याकडे पंचनामा होतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर अतिवृष्टी धरतात. पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले असेल, तर मदतीला पात्र. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात, शेत पाहतात, लिहून नेतात. या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पावसापाण्यात बांधावर हिंडून ती मंडळी हे करतात, आणि ज्याचे रान वाहून गेले त्याला पहिला हात मिळालाच पाहिजे. पण त्या कागदावर रस्त्याचा रकाना नाही. पीक उभे आहे ना? मग नुकसान नाही. पिकाच्या विम्याचेही तेच. करार पिकाचा असतो, रस्त्याचा नसतो. घाटात सडलेल्या क्रेटचा पंचनामा कोण करणार आणि कुठल्या सज्जात? त्या दिवशी पट्टी दाखवून "ह्याला काय म्हनायचं" असे मला विचारले गेले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज एवढेच सांगू शकतो, की याला पुराचे नुकसानच म्हणायचे. पण तसे म्हणणारा कागद आपल्याकडे अजून नाही.

साठवण हा यावरचा उपाय, असे आपण पुष्कळदा ऐकतो. कांद्याला चाळ, बटाट्याला शीतगृह. खरेच आहे ते. नाशवंत माल टिकवता आला, तर बंद रस्त्याचा धाक निम्मा कमी होतो. कांदेवाला घाट उघडण्याची वाट पाहू शकतो, टोमॅटोवाला पाहू शकत नाही. पण साठवणीलाही पुराचे भय आहेच, हे सांगलीने पाहिले आहे. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर गाव आहे. तेथे हळद पेवांत साठवीत. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, अरुंद तोंडाचे खोल कोठार. तेथील मातीच अशी, की पेवातील हळदीला कीड लागत नसे आणि रंगही टिकून राही. पिढ्यान्‌पिढ्या सांगलीच्या हळदीच्या मोठ्या व्यापाराला या पेवांचा आधार होता. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले. हळद नासली. पुढे व्यापाऱ्यांनी माल गोदामांत आणि शीतगृहांत ठेवायला सुरुवात केली, आणि ती जुनी पद्धत जवळजवळ मोडलीच. पुराने केवळ त्या वर्षीची हळद नेली असे नाही, एका जुन्या व्यवस्थेवरचा लोकांचा विश्वासही नेला. पेवे उपसता येतात, पण विश्वास पुन्हा बसायला फार काळ लागतो.

बाजारही असाच हातचा जातो. २०१९ च्या कांद्याचे आठवून पाहा. त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि मग जाता जाईना. कांद्याचे भाव चढू लागले तसे केंद्र सरकारने २९ सप्टेंबरला निर्यात बंद केली. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने खरिपाचा कांदा वाफ्यातच सडला, आणि डिसेंबरात शहरांतून किलोला शंभराच्या वर भाव गेला. इजिप्त आणि तुर्कस्तानहून कांदा आणावा लागला. महाराष्ट्राने इजिप्तचा कांदा खावा, याची गंमत त्या वेळी कोणाला वाटली नाही.

पण त्या पावसाचा खरा तडाखा कोणाला बसला असेल, तर बांगलादेशाला. त्या देशाची कांद्याची गरज मोठ्या प्रमाणात भारतातून भागे. निर्यातबंदी होताच ढाक्यात भाव भडकले, नोव्हेंबरात किलोला दोनशे टक्यांच्याही वर गेले आणि विमानाने कांदा आणण्याची पाळी आली. तेव्हाच्या तेथील पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आल्या होत्या. आपण स्वयंपाक्याला कांद्यावाचून स्वयंपाक करायला सांगितले आहे, असे त्यांनी तेथे हसत हसत सांगितले. आणि बंदी घालायची तर आधी कळवत जा, असेही सुचवले. बोलणे हसतखेळत झाले, पण त्यात बोच होती. ढाक्याचे व्यापारी म्यानमार, चीन, इजिप्त, तुर्कस्तान यांच्याकडे वळले. आपली बंदी उठली ती १५ मार्च २०२० ला. तोवर उन्हाळी कांदा बाजारात यायला लागला होता, आणि दहाच दिवसांत करोनामुळे सारा देश बंद झाला. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढले, की परत येताना ते भाव पाडूनच मागते. ओतूर-आळेफाट्याच्या बाजारात कांदा विकणाऱ्याने ढाका पाहिलेला नसतो, पण ढाक्याचे हे गिऱ्हाईक कुठे जाते यावर त्याचाही भाव थोडासा हलतो.

आता याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. एकाच्या पुरात दुसऱ्याचा भाव असतो. २०२३ च्या जून-जुलैमध्ये टोमॅटोचे भाव आधीच चढलेले होते. पीक कमी होते, रोगही पडला होता. त्यातच जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हिमाचल प्रदेशात बियास आणि तिच्या आसपासच्या नद्यांना मोठे पूर आले, रस्ते तुटले. दिल्लीला त्या दिवसांत टोमॅटो पुरवणारा एक मोठा भाग म्हणजे हिमाचल. सरकारने महाराष्ट्र, आंध्र आणि कर्नाटकातून टोमॅटो विकत घेऊन १४ जुलैपासून दिल्लीत कमी दराने विकायला सुरुवात केली. नारायणगावच्या बाजारात त्या महिन्यात वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या पुढे भाव निघाला. जुन्नर तालुक्यात त्या वर्षी काही घरांत कर्ज फिटले, काही दारांत नवे ट्रॅक्टर आले. वाईट वाटण्याचे कारण नाही. माल त्यांनी घामाने पिकवला होता. परंतु पुढे काय झाले? तो भाव पाहून सर्वांनी टोमॅटो लावला. सप्टेंबरमध्ये माल एकदम बाजारात आला आणि अनेकांना तोडणीचा खर्चही सुटेना. लोकांनी टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओतला. डोंगरातल्या पुराने दाखवलेला भाव खरा होता, पण तो पाहुणा होता. आपण त्याला घरचा समजलो.

यातून लगेच करण्याजोगी एक लहान गोष्ट आहे. तोडा करण्याआधी रस्ता विचारावा. झाडावरचा टोमॅटो दोन दिवस कळ काढतो, क्रेटमधला काढीत नाही. हवामान खात्याचा इशारा आता हातातल्या फोनवर येतो. तो आपल्या तालुक्याचा पाहून आपण गप्प बसतो. तो ठाणे जिल्ह्याचाही पाहावा, कारण आपला माल तेथून जातो. मुरबाडकडून वर येणाऱ्या गाडीवाल्याचा एक फोन सरकारी इशाऱ्याहून कधी कधी लवकर पोचतो. चार शेतकऱ्यांनी मिळून एक माणूस नेमला, तरी ही बातमी रोज मिळू शकते.

मोठे काम सरकारचे आहे आणि ते टाळता येणारे नाही. घाटातल्या दरडी, रायत्यासारखे पूल, शिरोलीसारख्या जागी महामार्गाची उंची, ही कामे कोणा एका गावाने करण्याची नव्हेत. आणि पंचनाम्याच्या कागदाचेही तसेच. रस्ता कोणत्या तारखेला किती तास बंद होता, ही नोंद सरकारदरबारी असते. कोणत्या दिवशी किती आवक झाली आणि काय भाव निघाला, हे बाजार समितीच्या दप्तरात असते. ही दोन दप्तरे एकमेकांशेजारी मांडली, तर खोळंब्याचे नुकसान बऱ्याच अंशी मोजता येईल, असे माझे मत आहे. लंडनला जे मोजता येते ते जुन्नरला मोजता येऊ नये, असे काही नाही.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे. भूगोलाच्या तासाला आपण नद्यांची नावे पाठ करून घेतो. त्याबरोबर एकदा मुलांना घरातल्या दहा वस्तू लिहून आणायला सांगा आणि प्रत्येकीपुढे ती कोणत्या वाटेने आली असेल ते शोधायला सांगा: मीठ, चहा, औषधाची गोळी, फोन, गाडीचा टायर. मग नकाशावर त्या वाटा काढा आणि कोणती वाट कोणती नदी ओलांडते त्यावर खूण करा. मुले यात रमतात. मोठ्या मुलांकडून आणखी एक काम करून घेता येईल. वर्गात एक वही ठेवावी. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत घाट किंवा पूल बंद पडला, की त्या दिवशीची तारीख, किती वेळ बंद, आणि त्याच्या आदल्या व नंतरच्या दिवशीचा टोमॅटोचा, कोथिंबिरीचा भाव एवढेच लिहायचे. भाव मुलांच्या घरीच असतो, आडत्याच्या पट्टीवर. अशी वही चार पावसाळे चालली, तर पंचनाम्याला आलेल्या माणसापुढे ठेवायला गावाकडे काहीतरी लेखी असेल.